लेकीबाळींच्या नावानं चालणारं राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांत बायांसोबत काम करताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. कधी बचत गटाच्या बैठकीत, कधी ग्रामसभा संपल्यावर, कधी वेचणीहून परतणाऱ्या टेम्पोत. काही रागानं विचारले जातात, काही भीतीनं, आणि काही फार हळू आवाजात. उत्तरं लिहिताना आम्ही बाजू घेतली आहे. ती ज्या बाईवर अत्याचार झाला तिची आहे, मग ती कोणत्याही जातीची, धर्माची, प्रांताची असो.

बलात्कार हा गुन्हा आहे. त्यात राजकारण कुठून आलं?

दोन वाटांनी येतं. पहिली वाट म्हणजे ज्या समाजाला शत्रू ठरवलं, त्याच्या बायांवर अत्याचार करायचा. त्यामागे बहुतेक वेळा ठरवलेला हेतू असतो: त्या समाजाची मान खाली घालायची, त्याला गाव सोडायला लावायचं, त्याची जमीन, धंदा, पाणी आपल्या ताब्यात घ्यायचं. दुसरी वाट वरून उलटी दिसते. ‘त्यांच्या’ पुरुषांपासून ‘आपल्या’ बायांना धोका आहे असं सांगत फिरायचं आणि त्या भीतीवर मोर्चे, मतं, बहिष्कार उभे करायचे.

मूळ मात्र एकच. दोन्हीकडे बाई ही जमातीची अब्रू असते, राखायची किंवा लुटायची वस्तू असते. तिला काय झालं, काय हवं, तिचं पुढं काय, हे विचारणारं कोणी उरत नाही. म्हणूनच एका गावात लेकीबाळींच्या रक्षणाच्या घोषणा देणारा जमाव दुसऱ्या गावात दुसऱ्यांच्या लेकीबाळींवर तुटून पडतो, आणि त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही.

हे तिकडं उत्तरेत असेल. आपल्या विदर्भात कुठं आहे?

आहे, आणि जुनं आहे.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. गावातलं एक बौद्ध कुटुंब. शेतीच्या वाटेवरून वाद, पोलिसात दिलेली साक्ष, शिकणारी मुलं, खाली मान न घालणारी आई. जमावानं आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना मारून टाकलं. बायांचे मृतदेह उघडे सापडले. पहिलं शवविच्छेदन इतकं ढिसाळ झालं की मृतदेह पुन्हा उकरून काढावे लागले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं आणि सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली. पण लैंगिक अत्याचाराची कलमं आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा न्यायालयात टिकलेच नाहीत. त्या रात्री तिथं परका कोणी नव्हता. सगळे एकाच गावचे, एकाच बोलीचे, एकाच बाजाराला जाणारे.

त्याहून मागं जा. २६ मार्च १९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आजचा गडचिरोली. एक आदिवासी मुलगी नातेवाइकांसोबत पोलीस ठाण्यात आली होती. तिला मागं थांबवून घेतलं गेलं आणि तिच्यावर अत्याचार झाला. खालच्या न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे एक कारण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईनं सांगितलं, तर तिचं म्हणणं खरं धरून चालायचं, हे तेव्हा आलं. आज देशातल्या कोणत्याही बाईला या कायद्याचा आधार मिळतो, तो या जिल्ह्यातल्या एका मजूर मुलीमुळे. आपल्याकडच्या शाळांत हे शिकवलं गेलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

अत्याचार करून लोकांना हुसकावून लावलं, असं खरंच घडलंय?

जानेवारी २०१८, जम्मूतलं कठुआ. बकरवाल या भटक्या, मेंढपाळ समाजातली आठ वर्षांची मुलगी. तिला पळवून, डांबून, अत्याचार करून मारण्यात आलं. त्या भागातून बकरवालांनी निघून जावं, हा त्यामागचा हेतू असल्याचं आरोपपत्रात म्हटलं होतं. २०१९ मध्ये पठाणकोटच्या न्यायालयानं सहा जणांना दोषी ठरवलं, त्यात पोलीसही होते. मध्यंतरी आरोपींच्या बाजूनं मोर्चा निघाला, त्यात तिरंगा होता. मुलगी आठ वर्षांची आणि झेंडा आरोपींच्या बाजूला! राष्ट्रवादाच्या नावावर माणूस कुठवर जाऊ शकतो, हे समजून घ्यायला आम्हाला दुसरं उदाहरण लागत नाही.

आपल्याकडे पारधी, नाथजोगी, गोपाळ, मसणजोगी यांचे पाल गावाबाहेर पडतात. ‘चोर आहेत, यांना हाकला’ ही भाषा आपल्याला नवी नाही. त्या पालातल्या बाईला काय सोसावं लागतं, ते ठाण्यापर्यंत फारच क्वचित जातं.

बोस्नियात १९९२ ते १९९५ च्या युद्धात फोचा नावाच्या गावात मुस्लिम बायांना घरांत, शाळांत, क्रीडागृहात डांबून ठेवलं होतं. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं तीन सर्ब सैनिकांना त्यासाठी शिक्षा दिली आणि बलात्कार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला. त्याआधी १९९८ मध्ये रवांडातल्या अकायेसू नावाच्या नगरप्रमुखावरच्या खटल्यात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग धरला गेला होता.

१९७१ च्या पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी लष्करानं आणि त्यांच्या साथीदारांनी किती बायांवर अत्याचार केले, त्याचे अंदाज दोन ते चार लाखांपर्यंत जातात. त्या भागातून वेगवेगळ्या वेळी जीव वाचवून निघालेली बंगाली कुटुंबं १९६० च्या दशकापासून आपल्याकडे वसवली गेली. चामोर्शी, मुलचेरा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत त्यांची गावं आहेत. धान लावतात, मासे पाळतात, मुलं मराठी शाळेत जातात. आणि आज ‘बांगलादेशी’ हा शब्द शिवीसारखा वापरणारी भाषणं सुरू झाली की याच गावातल्या म्हाताऱ्या बाया पुन्हा कागदपत्रं शोधायला लागतात. ज्यांनी हे सोसलं, त्यांच्याकडेच धोका म्हणून बोट दाखवलं जातं.

फाळणीत पळवलेल्या बाया दोन्ही सरकारांनी परत आणल्या. ते तरी चांगलंच झालं ना?

ज्यांना परत यायचं होतं, त्यांच्यासाठी हो. मृदुला साराभाई आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी जिवावर उदार होऊन ते काम केलं.

पण पुढचं नीट बघा. पळवल्या गेलेल्या बायांचा अंदाज पाऊण लाखाच्या आसपास दिला जातो. डिसेंबर १९४७ मध्ये भारत आणि पाकिस्तानात करार झाला, १९४९ मध्ये आपल्याकडे कायदा झाला. त्यात पोलिसांना अशा बाईला ताब्यात घेण्याचा अधिकार होता आणि तिला जायचं आहे की नाही, हे विचारणं बंधनकारक नव्हतं. काही जणींनी तोवर तिकडे संसार मांडला होता, काहींच्या पोटात लेकरू होतं. काही जणी ‘आता माहेरचे मला घेणार नाहीत’ म्हणून रडत होत्या, आणि त्यांचं भय खरं होतं; कितीतरी घरांनी दार उघडलं नाही. त्या काळात जन्मलेली कितीतरी मुलं मागं राहिली. दोन देश आपापली अब्रू मोजत होते. इकडच्या इकडे, तिकडच्या तिकडे. त्या हिशेबात बाईच्या हो-नाहीला जागा नव्हती.

वीटभट्टीवर, जिनिंगवर, कोळसा खाणीवर परप्रांतीय मजूर वाढले की असे गुन्हे वाढतात. हे खोटं आहे का?

परप्रांतीय माणूस गुन्हा करू शकतो. जसा गावचा करू शकतो, तसाच. प्रश्न आहे धोका कुठून जास्त येतो हा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. त्यातल्या ९६ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा होता: घरातला, नात्यातला, शेजारी, मालक, मित्र, लग्नाचं वचन देणारा. त्याच तक्त्यात आरोपीचा धर्म किंवा मूळ राज्य नोंदलेलं नसतं. म्हणजे भाषणात जे ‘टक्के’ ऐकवले जातात, ते यातून काढलेलेच नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहित बायांना ती कोणी केली, असं विचारलं, तेव्हा दहापैकी आठांहून अधिक जणींनी सध्याच्या नवऱ्याचं नाव घेतलं.

हे आकडे बैठकीत सांगितले की पुरुष गप्प होतात आणि बाया खाली बघतात. मजूर बाईला विचारा तिला भीती कोणाची वाटते. मुकादमाची, टेम्पोवाल्याची, वावराच्या मालकाच्या पोराची. छत्तीसगडहून आलेल्या भट्टीमजुराची भीती तिला भाषणानंतर वाटायला लागते.

आणि एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. आपणही परप्रांतीयच आहोत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या टोळ्या दर उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यात निम्म्याहून जास्त बाया असतात. मेळघाटातले कोरकू होळीनंतर कामाच्या शोधात दूरदूर पांगतात. तिकडं शेताच्या कडेला ताडपत्रीखाली राहणारी, तेलुगू न येणारी, रात्री आंधारात बाहेर जावं लागणारी बाई ही आपली बहीण आहे. तिकडच्या गावात कोणी ‘या महाराष्ट्रवाल्यांमुळे आमचं गाव बिघडलं’ म्हणालं, तर आपल्याला कसं वाटेल?

पण एकानं केलं की बाकीच्यांवर राग येणं साहजिक नाही का?

राग येतो. त्या रागाचं पुढं कोण काय करतं, ते बघा.

२८ सप्टेंबर २०१८ ला गुजरातमध्ये हिम्मतनगरजवळ चौदा महिन्यांच्या बाळावर अत्याचार झाला. बिहारचा एक कामगार आरोपी होता, पोलिसांनी त्याला लगेच पकडलं. म्हणजे कायद्याचं काम सुरू झालं होतं. तरी नंतरच्या दिवसांत कितीतरी जिल्ह्यांत हिंदी बोलणाऱ्या मजुरांवर हल्ले झाले. हजारो माणसं बोचकी उचलून रेल्वे, बसनं निघून गेली. हल्ल्यांबद्दल चारशेहून अधिक जणांना अटक झाली. त्या बाळाला यातून काय मिळालं? तिच्या आईला? काहीच नाही. ज्यांच्या घरी लहान लेकरं होती, अशाच शेकडो आया मात्र रात्रीतून बेघर झाल्या.

महाराष्ट्रातही सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईतल्या साकीनाक्याला एका बाईवर अत्याचार करून तिला मारल्यानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी परराज्यांतून येणाऱ्यांची नोंद ठेवायला पोलिसांना सांगितलं. कारण आरोपी उत्तर प्रदेशचा होता. रात्री उशिरा त्या रस्त्यावर दिवे, गस्त, बायांसाठी सुरक्षित निवारा होता का, हा प्रश्न त्या गदारोळात मागं पडला. आरोपी आपल्याच जिल्ह्याचा असता, तर ‘या जिल्ह्यातून येणाऱ्यांची नोंद ठेवा’ असं कोणी म्हटलं असतं का?

हे राजकारण फक्त भारतातच आहे का?

नाही हो. जगभर हाच साचा आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी संपल्यावर काळ्या पुरुषांना जमाव झाडाला टांगत असे आणि कारण सांगितलं जाई की यानं गोऱ्या बाईवर हात टाकला. आयडा बी. वेल्स नावाच्या काळ्या पत्रकार बाईनं १८९२ मध्ये तिच्या ओळखीच्या तीन दुकानदारांना असंच मारल्यावर एकेक प्रकरण तपासायला घेतलं. मारल्या गेलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशांवर तसा नुसता आरोप तरी होता, असं तिला आढळलं. बाकीच्यांचा गुन्हा म्हणजे धंदा चांगला चालणं, उलटून बोलणं. तिचा छापखाना मोडण्यात आला, तिला मेम्फिस शहर सोडावं लागलं. ज्या गोऱ्या मालकांनी पिढ्यानपिढ्या काळ्या बायांवर अत्याचार केले, त्यांच्यासाठी कुठलाच जमाव जमला नाही.

जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाइन नदीकाठी फ्रान्सचे आफ्रिकी सैनिक आले, तेव्हा ‘काळे सैनिक जर्मन बायांवर अत्याचार करतात’ असा मोठा प्रचार झाला. त्या सैनिकांपासून जर्मन आयांना झालेल्या मुलांची नोंद ठेवली गेली आणि १९३७ मध्ये नाझी सरकारनं जवळपास चारशे मुलांची गुपचूप नसबंदी केली. प्रचार सुरू झाला बायांच्या रक्षणाच्या नावानं आणि सुरी चालली त्यांच्याच लेकरांवर.

जून २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर करताना मेक्सिकोतून येणाऱ्यांना बलात्कारी म्हटलं, हे तर सगळ्यांना आठवत असेल.

मग आरोपीचा धर्म, प्रांत लपवायचा का?

लपवू नये. लपवण्यानं दुहेरी नुकसान होतं.

२०१५ च्या वर्षअखेरीच्या रात्री जर्मनीतल्या कोलोन शहरात रेल्वे स्थानकाजवळ शेकडो बायांवर हात टाकले गेले. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आणि अरब देशांतून आलेले बरेच जण होते. पोलिसांनी सकाळी सांगितलं, रात्र शांततेत गेली. खरं बाहेर आलं तेव्हा स्थलांतरितविरोधी गटांना आयतं कोलीत मिळालं. इंग्लंडमधल्या रॉदरहॅममध्येही तसंच. २०१४ च्या चौकशी अहवालानं १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचं शोषण झाल्याचा अंदाज दिला. अत्याचार करणारे बहुतेक पाकिस्तानी वंशाचे होते. पोलिसांनी त्या गरीब घरच्या मुलींनाच वाईट चालीच्या ठरवून हाकललं आणि काही अधिकारी वंशवादी म्हटलं जाईल म्हणून गप्प बसले. मुली सांगत होत्या, कोणी ऐकलं नाही. नंतर उजवे गट त्यांच्या नावानं मोर्चे घेऊन आले, तेही त्यांचं ऐकायला आले नव्हते.

कोलोननंतर जर्मनीतल्या बायांनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. अनेक जणी म्हणाल्या, आमच्या दुःखावर तुमचं राजकारण नको, आम्हाला कायदा द्या. तोवर तिथल्या कायद्यात बाईनं ‘नाही’ म्हणणं पुरेसं नव्हतं, विरोध केल्याचं दाखवावं लागे. जुलै २०१६ मध्ये संसदेनं ‘नाही म्हणजे नाही’ हा बदल केला. हा कायदा जर्मन नवऱ्यालाही लागू आहे. अर्थात, त्याच दुरुस्तीत परदेशी दोषींना हाकलणंही सोपं करून घेतलं गेलं, हे विसरून चालणार नाही.

म्हणून जे घडलं ते घडलं तसं सांगायचं. त्यावरून अख्ख्या जमातीवर शिक्का मारायचा नाही.

लव्ह जिहादबद्दल तुमचं म्हणणं काय?

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह खात्यानं लोकसभेत लेखी उत्तर दिलं की या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही आणि केंद्रीय तपास यंत्रणांनी असं एकही प्रकरण नोंदवलेलं नाही. त्यानंतरही २०२२ च्या अखेरीपासून महाराष्ट्रात यावर मोर्चे निघाले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरधर्मीय विवाहांसाठी समिती नेमली, फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची आणखी एक.

नाव, धर्म, पहिलं लग्न लपवून कोणी फसवत असेल, तर त्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आहे आणि ते सगळ्या धर्मांच्या पुरुषांना लागू आहे. जबरदस्ती, मारहाण, खून यांना तर कलमं आहेतच. वेगळा कायदा मागणाऱ्यांचा रोख बहुतेक वेळा सज्ञान मुलीच्या मर्जीवर असतो. आम्ही पाहतो की ज्या घरांत धर्माबाहेरच्या लग्नाला विरोध असतो, त्याच घरांत जातीबाहेरच्या लग्नालाही तितकाच कडवा विरोध असतो. तिथं परका धर्म नसतो, तरी मुलीला कोंडलं जातं.

तुम्ही एकाच बाजूवर बोलता. बांगलादेशात, पाकिस्तानात हिंदू बायांचं काय?

त्यांच्यावर अत्याचार होतात आणि ते याच राजकारणाचे बळी आहेत. ऑक्टोबर २००१ च्या निवडणुकीनंतर बांगलादेशात हिंदू कुटुंबांवर हल्ले झाले, बायांवर सामूहिक अत्याचार झाले. सिंधमध्ये हिंदू मुलींना पळवून बळजबरीनं धर्मांतर आणि लग्न लावल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येतात. २०१४ मध्ये इराकमध्ये इस्लामिक स्टेटनं यझिदी या अल्पसंख्य समाजाच्या बायांना बाजारात विकलं. त्यातून सुटलेल्या नादिया मुराद यांना २०१८ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं.

हे सगळं बोललं पाहिजे. पण तिकडच्या हिंदू बाईच्या दुःखाचा सूड इकडच्या मुसलमान बाईवर उगवायचा म्हटलं, तर तिकडच्या बाईला त्यातून काहीच मिळत नाही. उलट तिकडच्या जमावाला उद्याचं कारण मिळतं.

मोबाईलवर व्हिडिओ येतो, त्यात सगळं दिसतं. तरी विश्वास ठेवू नये?

थांबा एवढंच. २०१३ मध्ये मुझफ्फरनगरच्या दंगलीआधी तरुणांना ठेचून मारल्याचा एक व्हिडिओ ‘इथलाच’ म्हणून फिरला. तो पाकिस्तानातल्या सियालकोटचा, काही वर्षं जुना होता. तिथं महापंचायत भरली ती लेकीसुनांच्या अब्रूच्या नावानं. साठहून अधिक माणसं मेली, पन्नास हजारांच्या आसपास माणसं गावं सोडून गेली, आणि त्या हिंसेत सात बायांनी सामूहिक बलात्काराच्या तक्रारी दिल्या. एकाच प्रकरणात दोघांना शिक्षा व्हायला २०२३ उजाडलं.

मे २०२३ मध्ये मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी समाजांत हिंसा पेटली, तेव्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या तरुणीच्या मृतदेहाचा फोटो ‘आपल्या मुलीला त्यांनी मारलं’ म्हणून पसरला. तो उत्तर भारतातल्या वेगळ्याच खुनाचा होता. ४ मे रोजी जमावानं दोन कुकी बायांना विवस्त्र करून धिंड काढली. त्याचा व्हिडिओ बाहेर आला १९ जुलैला. खोटा फोटो काही तासांत घराघरांत पोचला आणि खरी घटना देशाला कळायला अडीच महिने गेले.

धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी पाच भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी मुलं पळवणारे समजून मारले गेले, तेही अशाच अफवेनं. व्हिडिओ आला की गाव, तारीख, बोली तपासा, पोलीस पाटलाला विचारा, पुढे पाठवू नका. अत्याचाराचा व्हिडिओ खरा असला तरी पाठवू नका. त्यात एक बाई आहे.

महाराज असते तर हातपाय तोडले असते. परक्यांना तीच शिक्षा पाहिजे, नाही का?

महाराजांनी हातपाय कोणाचे तोडले, ते बघा. जानेवारी १६४६ च्या पत्रात ती हकीकत आहे. रांझे गावचा बाबाजी गुजर. तो परमुलखातला नव्हता, परधर्माचा नव्हता. गावचा पाटील होता, म्हणजे सत्ता असलेला, वतनदार, आपल्यातला माणूस. त्यानं बदअमल केला, म्हणजे एका बाईवर अत्याचार केला, चौकशी झाली, शिक्षा झाली. आम्हाला आजच्या काळात हातपाय तोडणं मान्य नाही. पण आपल्यातल्या बड्याला आधी जाब विचारायचा, ही हिंमत आज कोण दाखवतंय? महाराजांच्या नावानं मोर्चा काढणाऱ्यांनी आधी गावच्या पाटलाच्या, सरपंचाच्या, पुढाऱ्याच्या पोरावरची तक्रार ठाण्यात जाऊ द्यावी.

मग मोर्चा काढूच नये?

काढावा, आम्हीही काढतो. फक्त मोर्चाला जाण्याआधी दोन गोष्टी विचारा. बाईची किंवा तिच्या घरच्यांची त्याला संमती आहे का? आणि हाच अत्याचार आपल्या जातीच्या माणसानं खालच्या मानलेल्या जातीच्या बाईवर केला असता, तर हेच लोक याच रस्त्यावर आले असते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या मोर्चात तिच्यासाठी काही नाही.

गावात अशी घटना घडली तर काय करायचं?

आधी बाई, मग बाकी सगळं. ती म्हणेल ते ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही दवाखान्यानं तिच्यावर लगेच, फुकट उपचार करणं बंधनकारक आहे. शक्य असेल तर अंघोळ आणि कपडे धुणं तपासणीपर्यंत थांबवावं, पण ते झालं असेल तरी तक्रार होते. तपासणीत ‘दोन बोटांची चाचणी’ (बोटं घालून बाईला आधी शरीरसंबंधाची सवय होती का ते ठरवणं) करायला सर्वोच्च न्यायालयानं मनाई केली आहे. ही चाचणी अशास्त्रीय आहे, हे पुढे आणण्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांचा मोठा वाटा आहे.

तक्रार कोणत्याही ठाण्यात घेतली गेली पाहिजे, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. अशी तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतः गुन्हेगार ठरतो. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर ज्याला कळलं त्यानं कळवणं बंधनकारक आहे. बाई अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि आरोपी त्या बाहेरचा, तर अ‍ॅट्रॉसिटीची कलमं लावायला सांगा. खैरलांजीत ती टिकली नाहीत, हे वर लिहिलंच आहे.

तंटामुक्ती समितीनं, जातपंचायतीनं किंवा पुढाऱ्यानं यात तडजोड घडवू नये. हा तंटा नाही. पैसे देऊन मिटवणं, आरोपीशी लग्न लावणं, ‘गावाचं नाव खराब होईल’ म्हणून दाबणं, हे आपल्या भागात अजून चालतं आणि ते बंद झालं पाहिजे.

बाईचं नाव, फोटो, घर, नवऱ्याचं नाव कुठंही टाकू नका. त्याच संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तिचा फोटो बॅनरवर लावणारे तिचे हितचिंतक असले तरी हे लागू आहे.

जमाव मजुरांच्या वस्तीकडे निघाला तर?

११२ ला फोन, पोलीस पाटील, सरपंच, ठाणेदार, आणि शक्य असेल तर वस्तीतल्या बायांना, लेकरांना शाळेत किंवा समाजमंदिरात हलवणं. जमावातल्या पोरांना त्यांच्या आयांनी नावानं हाक मारली तर त्याचा उपयोग होतो, हे आम्ही पाहिलं आहे. जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणानं पाच किंवा अधिक जणांनी मिळून कोणाला मारून टाकलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) खाली जमावातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते. हे पोरांना आधीच सांगून ठेवा. भाषण देणारा नेता त्या दिवशी नागपूरला परत गेलेला असतो, खटला गावच्या पोरांवर चालतो.

आणि अत्याचार झालेली बाई स्वतःच परप्रांतीय किंवा भटकी असेल तर?

तिच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. तिला मराठी येत नाही, आधार कार्ड गावाकडं राहिलेलं असतं, मुकादम तिची मजुरी अडवून बसलेला असतो आणि काम संपलं की टोळी दुसऱ्या जिल्ह्यात निघते. वरचे सगळे हक्क तिलाही तसेच आहेत. तक्रारीसाठी आधार कार्ड लागत नाही, मतदार यादीत नाव लागत नाही. तिची भाषा बोलणारी बाई सोबत न्या. जिल्ह्याच्या ‘सखी’ या बायांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात राहण्याची सोय होते, महिला हेल्पलाइन १८१, बालकांसाठी १०९८, मोफत वकिलासाठी १५१००. अत्याचार झालेल्या बायांसाठीच्या सरकारी मनोधैर्य योजनेतल्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं लागतं. कामाच्या जागी मुकादमानं किंवा मालकानं लैंगिक त्रास दिला, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते, साधारण तीन महिन्यांच्या आत. शेतमजूर, भट्टीमजूर, घरकामगार सगळ्यांना ती खुली आहे. टोळी निघायच्या आधी तिचा जबाब न्यायाधीशासमोर नोंदवून घ्या असं ठाणेदाराला लेखी सांगा आणि त्या अर्जाची पोच घ्या. साक्षीला यायला प्रवासखर्च मिळतो, हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगा, आणि तिच्या गावाकडचा एक तरी फोन नंबर लिहून ठेवा.